मुक्कामी गाडीत ठरलेला शेवट

कोणत्याही गोष्टीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा कमीच असतो, हे सत्य आता सिद्ध करत बसण्याची गरज उरलेली नाही. त्याच पत्तीचा दुसरा चहा आणि सरपंचाची दुसरी टर्म एवढे पुरावे पुरेत. राहता राहिले रॉकेट-मारामारीचे सिनेमे. त्यांच्याबाबतचा अधिकृत निर्णय मुखेडात उद्धव सर देत.

सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत, त्यामुळे पडद्यावर रॉकेट दिसलं की गावाचे डोळे सरांकडे वळत. असे सिनेमे पाहायला नांदेड गाठावं लागे, आणि मुखेड मुक्कामी गाडी सिनेमा संपायच्या आधी सुटे. (वेळापत्रक करताना विज्ञानाचा विचार झाला नसावा.) सबब मंडळी ऐन लढाईत उठत आणि राहिलेला शेवट गाडीत बसून सर्वानुमते ठरवत. मसुदा सर मांडत, दुरुस्त्या बाकीचे सुचवत.

पहिल्या भागाचा शेवट असाच मंजूर झाला होता. लोखंडी हाताचा नायक परग्रहावरच्या फौजेचा निकाल लावून पृथ्वीवर परततो, तो हात विहिरीत टाकतो आणि आईला भेटतो. आई ही पंचाक्षरी किराणावाल्यांची दुरुस्ती. तिनं अख्ख्या गाडीच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. पुढे तो सिनेमा मोबाइलवरही आला, पण पाहिलेला सिनेमा पुन्हा कोण पाहतो?

दुसरा भाग लागला तेव्हा निम्मं थिएटर मुखेडचं होतं. पडदा उजळला, तर लोखंडी हात जागच्या जागी, आणि नायक चक्क परग्रहाचा सेनापती. आईचा पत्ता नाही. मध्यंतरात पंचाक्षरींनी दुःखाने निष्कर्ष काढला, "सर, ह्या डायरेक्टरनं पहिला भाग पाह्यलाच न्हाई."

सरांनी मान डोलावली. गाडीची वेळ होताच मंडळी नेहमीप्रमाणे उठली. परतीला सरांचा जुना दोस्त, तहसीलातला सुगत शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "उद्धवराव, मी मोबाइलवर पाह्यलाय. पहिल्यात तो शेवटी फितूर होतो. आई त्यात हायच न्हाई."

सरांच्या पायाखालची वाळू सरकली. खरं सांगावं, तर उद्या आपल्या रॉकेटवर कोण विश्वास ठेवणार? आणि पंचाक्षरींची आई? तिच्यासाठी माणसं रडली होती. सरांना स्वतःची लाज वाटली आणि पंचाक्षरींची फार कणव आली. तेवढ्यात मागच्या सीटवरून विचारणा झाली, या भागाचा शेवट काय धरायचा?

सर दांडी धरून उभे राहिले. पडद्यावरचा सेनापती हा परग्रहावर तयार केलेला नकली माणूस आहे, असं त्यांनी शास्त्रीय पायावर मांडलं. शेवटी त्याचं बिंग फुटतं. खरा नायक आईजवळ सुखरूप आहे.

गाडीभर हायसं वाटलं. पंचाक्षरींनी डोळे पुसले. सुगतनं ते पाहिलं आणि तो म्हणाला, "मंग मी मोबाइलवर पाह्यला तो सिनेमाच नकली असंल."

ठराव मंजूर झाला: शेवट चांगला, पण पहिल्या भागाची सर नाही.

मुखेडकरांना हसणाऱ्या वाचकांनी जरा दमानं घ्यावं. दोन्हींतला कोणता भाग चांगला, हे तुम्हीही एव्हाना मनाशी ठरवून टाकलंय. सिनेमाचं नाव काय, हे मात्र अजून एकानंही विचारलेलं नाही.