पँट मागून येतेय

इस्क्राने विमानाची तिकिटं आईच्या हातात ठेवली, तेव्हा दोन्काने पहिला प्रश्न विचारला, "वाटेत खायला काय करून घेऊ?"

"आई, बिझनेस क्लास आहे! ते जेवायला देतात, झोपायला पलंग देतात. तिथून होडीने थेट बेटावर. समुद्रात खांबांवर उभा असलेला बंगला, फक्त तुमच्या दोघांचा. शेजारीपाजारी कुणी म्हणजे कुणी नाही!"

"कुणीच नाही?" दोन्काचा चेहरा जरासा उतरला. पण लेकीने व्हिएन्नाच्या इस्पितळात वर्षभर जादा पाळ्या करून आईबापांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची ही भेट आणली होती. दोन्काने तिला घट्ट जवळ घेतलं आणि गुपचूप नवी चादर इस्त्रीला काढली. प्रवासाला निघताना स्वतःची चादर न्यायची असते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्याला कारण होतं. तिचा नवरा मेतोदी बल्गेरियातल्या कझानलाक गावच्या गुलाबतेलाच्या कारखान्यात बस चालवायचा. दर उन्हाळ्यात तो अख्खा कारखाना, बायकापोरांसकट, काळ्या समुद्रावर कितेनला घेऊन जायचा. तिथे कारखान्याचं विश्रामगृह होतं. लोखंडी खाटा, चादरी ज्याच्या त्याने घरून आणायच्या, सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर, दोऱ्यांवर वाळत घातलेले पोहण्याचे कपडे आणि दुपारभर तळल्या जाणाऱ्या चिमुकल्या माशांचा वास. दोन्का तिथे नवी नवरी म्हणून गेली आणि इस्क्रा चालायला तिथल्याच वाळूत शिकली. पुढे कारखाना विकला गेला, विश्रामगृहही गेलं. आता तिथे काचेचं हॉटेल आहे. मेतोदी एकदा त्याच्यासमोरून गाडी नेताना म्हणाला होता, "बघ, आपली खोली होती तिथे आता लिफ्ट आहे." त्यानंतर ती दोघं कितेनला गेली नाहीत.

विमानात मेतोदीला बसायला दिली ती खुर्ची नव्हती, ती एक छोटी खोलीच होती. मध्ये पडदी, पडदीपलीकडे दोन्का. खुर्चीच्या हातावर इतकी बटणं होती की त्याच्या बसलाही कधी तेवढी नव्हती. त्याने एक दाबलं तर पाय वर गेले, दुसरं दाबलं तर डोकं खाली गेलं. त्याच अवस्थेत असताना हवाईसुंदरीने त्याच्या पोटावर एक पुडकं ठेवलं. आत करड्या रंगाचा मऊसूत पायजमा आणि तसाच सदरा.

"दोन्का, मला पायजमा दिलाय."

"मलाही दिलाय. पण भर दुपारी कोण घालतं?"

"दिलाय तर घालायला नको? त्यांना काय वाटेल!"

मेतोदी कपडे बदलून आला. सुंदरीने त्याची पँट आणि कोट अदबीने हातावर घेतला आणि कुठल्याशा कपाटात नेऊन टांगला. तिचं वागणं पाहून, आपल्या पँटचा इतका मान आजवर कधी झाला नसेल, असं त्याला वाटलं.

घोटाळा झाला तो उतरताना. कझानलाककडे 'हो' म्हणायचं तर मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणायचं तर वरखाली. बाकीच्या जगाने हे उलटं का करून ठेवलंय, ते मेतोदीला आजवर कळलेलं नव्हतं. सुंदरी आली, तिने पँटची खूण केली आणि नजरेने विचारलं, आणू का? मेतोदीने आनंदाने मान आडवी हलवली. ती हसली आणि निघून गेली. सेवा इतकी चोख आहे म्हटल्यावर पँट दारात हातात देत असतील, अशी त्याची समजूत झाली. दारात आल्यावर वाटलं, खाली देत असतील.

दोन्का खिडकीला नाक लावून समुद्र बघत बसली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती उतरून पुढे गेली, मागे वळून पाहिलं आणि उन्हात उभीच राहिली.

"मेतोदी! तुझी पँट कुठाय?"

"मागून येतेय."

"मागून कशी येईल? तिला काय पाय आहेत?"

पँट आली नाही. बॅगांच्या पट्ट्यावर दोन्काची बॅग आली, मेतोदीची आली नाही. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "सगळं सामान मिळालं?" एवढं त्याला हातवाऱ्यांवरून कळलं. त्याने 'नाही, नाही' म्हणून मान जोरजोरात वरखाली हलवली. मुलीला आजवर कुणी इतक्या उत्साहाने होकार दिला नव्हता. तिने दोघांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या आणि होडीत बसवून दिलं.

अशा रीतीने मेतोदी इव्हानोव पायजम्यावर, गळ्यात माळ घालून, स्वर्गासारख्या बेटावर उतरला.

बेटावरच्या दुकानात पोपटांची चित्रं असलेल्या आखूड चड्ड्या होत्या. त्याच्या पोटाला बेतलेलं दुसरं काही नव्हतं. "पोपट घालून मी फिरणार नाही," तो म्हणाला. "हा पायजमा काय वाईट आहे? कापड तरी बघ." दोन्का रोज संध्याकाळी तो धुवायची, तोवर मेतोदी नव्या चादरीत स्वतःला गुंडाळून बसायचा. चादर आणल्याचं सार्थक झालं.

बंगला सुंदर होता, यात वादच नव्हता. फरशीत काच होती आणि काचेखाली मासे पोहत होते. समुद्राच्या डोक्यावर आणखी एक पोहायचा हौद होता. सकाळी न्याहारी टोपलीत घालून त्या हौदात तरंगत यायची. दोन्का उठून पलंग आवरायची, मग एक मुलगा येऊन तो विस्कटायचा आणि पुन्हा आवरायचा. ती कप विसळायला गेली तर त्याने तो हातातून हळूच काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी मेतोदीला ती कठड्याशी एकटीच बसलेली दिसली.

"काय झालं गं?"

"काही नाही. समुद्र छान आहे."

"मग?"

"हा समुद्र छान आहे असं म्हणायला कुणी नाही रे इथे. तुला सकाळपासून सातव्यांदा म्हटलं." तिने नाक पुसलं. "इस्क्राला सांगू नकोस हं. पोरीने किती राबून पाठवलंय."

मेतोदी पाय मोकळे करायला वाळूवर गेला. तिथे झाडाखाली एका खाटेवर भलंमोठं धूड पालथं पडलं होतं. पावलांची चाहूल लागताच धुडाने डोकं न उचलता हात हलवून बोलावलं आणि स्वतःच्या खांद्याकडे बोट दाखवलं. बेटावर मालिश करणाऱ्यांचे कपडे करडेच होते, मऊसूत आणि ढगळ. मेतोदीला एवढंच दिसलं की एका माणसाची पाठ धरलीय. बसच्या थांब्यावर तो आणि बाकीचे चालक एकमेकांच्या पाठी असेच ठोकून काढायचे. त्याने बाह्या सारल्या आणि गुडघा लावला.

"आई गं! मेलो!" धूड अस्सल बल्गेरियन भाषेत किंचाळलं.

"अरेच्चा! तुम्ही आपल्याकडचे?"

"वार्नाचा. त्सोन्यो गेर्गिनोव. दारंखिडक्यांचा कारखाना आहे माझा. तू इथं नोकरीला आहेस काय? बरं झालं बाबा. आपल्याकडचा पाहुणा असतास तर आत्तापर्यंत कोण कुणाचा मेव्हणा ते निघालं असतं. हं, तिथेच, खाली दाब."

अंगावर विमानातला पायजमा असताना आपण पाहुणे आहोत हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि खरं सांगायचं तर आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या हातांना काम मिळालं होतं. तो म्हणाला, "हो, नोकरीलाच." आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी त्सोन्यो ताठ मानेने चालू लागला. त्याचं पाहून एक जर्मन आजी आली, मग तिचा नवरा. त्सोन्यो थेट मॅनेजरसाहेबांकडे गेला. "तुमचा तो म्हातारा बल्गेरियन मालिशवाला म्हणजे हिरा आहे. रोज मलाच पाठवा."

"आमच्याकडे म्हातारा बल्गेरियन मालिशवाला नाही," मॅनेजर म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. बेटावर कुणीतरी परका माणूस पाहुण्यांना बदडत हिंडत होता.

रखवालदार सुटले. मेतोदी माडांच्या पलीकडे एकटाच निघालेला त्यांना सापडला.

"स्टाफ?" रखवालदाराने विचारलं.

मेतोदीने 'नाही' म्हणून मान वरखाली हलवली.

"गेस्ट?"

मेतोदीने 'हो, हो' म्हणून मान ठामपणे आडवी हलवली.

कबुलीजबाब इतका स्वच्छ मिळाल्यावर रखवालदाराने त्याला दंडाला धरून कामगारांच्या वस्तीत नेलं, स्वयंपाक्याच्या ताब्यात दिलं आणि तो मॅनेजरसाहेबांना बोलवायला गेला. स्वयंपाकी बांगलादेशचा होता, नाव मोतालेब. त्याने या घामाघूम म्हाताऱ्याकडे पाहून मान हलवली. ती धड उभी नव्हती की धड आडवी नव्हती, मधल्यामध्ये डुलत होती. परदेशात आल्यापासून मेतोदीला पूर्णपणे समजलेली ती पहिली मान. मग मोतालेबने त्याच्यापुढे पत्र्याच्या ताटलीत कुरकुरीत तळलेले चिमुकले मासे ठेवले.

दोन्का नवऱ्याला शोधत निघाली होती. तिने भेटेल त्याला मिशा, पोट आणि पायजमा हातांनी काढून दाखवला. कपडे धुणाऱ्या बाईने हसून माडांमागे बोट केलं. दोन्का आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

ओळीने लोखंडी खाटा होत्या. दोरीवर कपडे वाळत होते. अंगणातल्या एकाच नळावर कुणी दाढी करत होतं, कुणी तांदूळ धूत होतं. कुणाचा तरी रेडिओ खरखरत होता. लांबलचक बाकावर मेतोदी बसला होता, दोन पोरांशी कॅरम खेळत. सोंगटी हाताने ढकलायची नसते, हे ती दोघं त्याला ओरडून सांगत होती. आणि तो वास! दोन्का नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली, एक मासा उचलून डोक्यासकट खाल्ला आणि रडायला लागली.

"तिखट आहे का गं?" मेतोदीने घाबरून विचारलं.

"जरा मीठ कमी आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "कितेनच्या आचाऱ्यालाही कधी जमलं नाही."

तेवढ्यात मॅनेजर आले आणि त्यांच्यामागून धापा टाकत त्सोन्यो. आपल्या माणसाची नोकरी जाणार म्हणून तो धावत आला होता.

"याला काढलंत तर मी आत्ता बेट सोडतो!"

"साहेब, यांना मी कसा काढू?" मॅनेजर काकुळतीला आले. "हे तुमच्या शेजारच्या बंगल्यातले पाहुणे आहेत."

त्सोन्योने मेतोदीकडे पाहिलं, पायजम्याकडे पाहिलं. "काका! दोन दिवस मी तुम्हाला 'अरे, इकडे दाब, तिकडे दाब' म्हणतोय!"

"पाठ सुटली ना?"

"पाठ सुटली हो, पण लाज वाटायला लागली."

"लाज नंतर वाटून घ्या. आधी बसा," दोन्का म्हणाली आणि बाकावर सरकली. "गार होतील मासे."

त्सोन्यो बसला. पहिल्या घासानंतर त्याचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. दुसऱ्या घासानंतर म्हणाला, "माझी आई अशाच एका विश्रामगृहात स्वयंपाकाला होती. मी बटाट्यांच्या पोत्यांवर झोपायचो. तेव्हा वाटायचं, मोठा झालो की समोरच्या बाजूने येईन, पाहुणा म्हणून." तो ताटलीत बघत राहिला. "आलो खरा. आठ दिवस झाले, काचेतून मासे बघतोय."

मॅनेजर अवघडून उभे होते. पाहुण्यांना या बाजूला यायची परवानगी नव्हती. पण पाहुण्याची कुठलीही इच्छा मोडायचीही परवानगी नव्हती. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मोतालेबला आणखी मासे तळायला सांगितलं.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. बंगल्यात न्याहारीची टोपली एकटीच तरंगत राहायची. दोन्का सकाळीच वस्तीत हजर व्हायची, मोतालेबशी मिठावरून भांडायची. दोघांची भाषा वेगळी असल्यामुळे भांडण फार रंगायचं. दुपारी मेतोदी कुणाच्या तरी रिकाम्या खाटेवर घोरायचा. त्सोन्यो कॅरममध्ये हरायचा आणि पट वाकडा आहे म्हणायचा. संध्याकाळी पाळीवरून आलेली पोरं पाठ धरून मेतोदीसमोर रांगेत उभी राहायची.

अशाच एका दुपारी इस्क्राचा फोन आला, चेहरा दाखवणारा. दोन्काने हात पुसत तो उचलला. मागे काय दिसतंय याचा तिला विसर पडला होता.

"आई, हे कुठे आहेस तू? या लोखंडी खाटा कसल्या? आणि हातात... आई, तू मासे साफ करतेयस? बाबांच्या अंगावर ते काय आहे? फसवलं तुम्हाला! थांब, मी आत्ताच्या आत्ता तक्रार करते."

"अगं नको!" दोन्का किंचाळली. सगळं अंगण वळून बघायला लागलं. "बाई गं, तक्रार करू नकोस! ते आम्हाला परत त्या बंगल्यात पाठवतील!"

पलीकडे पाळी संपवून आलेली इस्क्रा अजून इस्पितळाच्या कपड्यांत होती. ती पडद्यातून बघत राहिली. आईच्या मागे वाळत घातलेले कपडे वाऱ्यावर हलत होते, बाबा कुणाच्या तरी खेळात नाक खुपसून ओरडत होते, आणि आईच्या कपाळावर माशाचा एक खवला चमकत होता.

मग ती हळूच म्हणाली, "आई, ती भिंतीकडची खाट... तिच्यावर कुणी झोपतं का गं?"