टोपीले विचारतो

गफूरचाचांना काहीही विचारलं की ते आधी डोक्यावरची टोपी काढायचे. ती उलटी धरून, विहिरीत वाकून पाहावं तसं आत पाहायचे, अंगठ्याने अस्तर एका ठराविक जागी दाबायचे, टोपी परत डोक्यावर ठेवायचे आणि मग उत्तर द्यायचे. उत्तर बहुधा एकच असायचं.

"टोपी नाई म्हणते."

ग्रामपंचायतीला उभे राहा म्हणून चार जण आले, टोपी नाही म्हणाली. पुतण्याने पानठेल्यात भागी मागितली, नाही म्हणाली. पोलिओचा डोस पाजायला आलेल्या बाईंनी घरात लहान मूल आहे का, एवढंच विचारलं, तरी यांचा हात टोपीकडे गेला. बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

ही चाचांची मासे धरायला जातानाची टोपी. चाचा धंद्याने पिंजारी. धामणगाव बढ्याच्या बाजारात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आणि दुकानामागे घर. टोपी त्यांनी स्वतः शिवली होती. गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आत कापूस, वरून दोऱ्याचे आडवे-उभे टाके. म्हणजे ती डोक्याएवढी गादीच. कडा चार बोटं रुंद आणि त्या कडेत पाच-सहा गळ खोचलेले, त्यामुळे चाचांच्या कानात काही सांगायचं असेल तर बेताने जवळ जावं लागे. नमाजाची टोपी वेगळी होती. ती पांढरीशुभ्र, पेटीत घडी करून ठेवलेली. ही मात्र शिवल्यापासून पाण्याला लागलेली नव्हती. तिचे पट्टे निळे आहेत, हे चाचांनीच मला सांगितलं.

"धुतली तं मासोयीले वळख कशी पटन?" ते म्हणायचे.

मी तिकडचा नव्हे. दापोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, मग हाताला लागेल ते काम करत, मोबाईलचे टॉवर उभे करणाऱ्या टोळीबरोबर फिरत तिथे पोचलो. टॉवर उभा राहिला, टोळी पुढे गेली आणि जनरेटरवर लक्ष ठेवायला ठेकेदाराने मला मागे ठेवलं. तिशीला आलो होतो, पण परक्या गावात खोली मागायची म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. तीन दारांवरून परत आलो. चौथं दार चाचांचं. त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, अंगठा दाबला. तोवर मी खाली ठेवलेली पिशवी उचललीसुद्धा होती.

"टोपी ऱ्हाऊ दे म्हणते," चाचा म्हणाले. "पाण्याचा माठ तिकडं हाय."

टोपीने कोणाला हो म्हटल्याची गावात ती एकच वेळ, असं मला पुढे कळलं. तेव्हापासून मी चाचांपेक्षाही त्या टोपीचा जास्त मिंधा होतो. सकाळी तिच्यासमोरून जाताना मान जरा खाली घालायचो.

मी समुद्राकाठचा म्हणून चाचा मला 'कोकण' म्हणत आणि माझी कीव करत. आमच्याकडे मासे जाळ्याने धरतात, हे ऐकून ते एक अख्खी दुपार मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "जायं टाकून वढून काढता? त्याले मासे धरनं नाई म्हनत बे, त्याले झाडू मारनं म्हनते."

त्यांचं मासे धरणं गावामागच्या तलावावर. दुपारची नमाज झाली की दुकानाची फळी लावायची, बांबूची काठी खांद्यावर टाकायची आणि तलावाच्या बांधावरच्या एका सपाट दगडावर जाऊन बसायचं. फोमच्या गाद्या आल्यापासून दुकान उघडं काय नि बंद काय, सारखंच होतं. दोरीला बांधलेला मोरपिसाचा तुकडा पाण्यावर तरंगत असायचा आणि चाचा त्याच्याकडे बघत असायचे. दिवसाला दोन-तीन चिलापी, नशीब असेल तर एखादी मरळ. अंधारून आलं, मोरपीस दिसेनासं झालं, तरी उठायचे नाहीत. मी टॉवरवरून सुटून तिकडे गेलो की मलाच म्हणावं लागायचं, चाचा, आता निघूया. तरी आणखी एकदा गळाला गांडूळ लावायचे.

तलावाला लागून गजाननभाऊंचं वावर होतं. आठ एकर, सगळी बीटी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. फवारणी करून दमले की तेही बांधावर येऊन बसायचे. त्यांच्या डोक्यावर कंपनीची टोपी. बियाण्याच्या थैल्यांबरोबर कंपन्या दरवर्षी टोप्या फुकट वाटायच्या, त्यामुळे पेरणीच्या दिवसांत गावातली डोकी एका वर्षी हिरवी दिसायची, एका वर्षी पिवळी. गजाननभाऊंकडे सहा वर्षांच्या सहा होत्या.

"चाचा, हे घ्या एक. हलकी हाय, मांगून हवा लागते," ते म्हणायचे.

"तुह्या टोपीवर लिहेल हाय. मासोया वाचून पयते."

"अन् तुमच्या टोपीच्या वासानं नाई पयत?"

"वासानंच तं येते. गावरान कापूस हाय यात. तुह्या बीटीचा धागा लांब, गादीले एक नंबर. पन डोक्यावर घेतला तं तापते. त्या कापसाले सावली नाई."

"कापसाले कायची सावली हो चाचा?"

"थेच तं. तुले नाई समजनार. तू दरसाल दुकानातून आनून पेरतं."

यावर गजाननभाऊ उठून वावराकडे वळायचे. बीटीची सरकी घरी ठेवून पेरली तर पुढच्या वर्षी तसं पीक येत नाही, म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी अख्खा गाव बियाण्याच्या दुकानापुढे रांगेत उभा असायचा. टोपी तेवढी फुकट मिळायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका जूनमध्ये चाचांना अकोल्याला मुलीकडे जावं लागलं. नातीचं लग्न. मुलीने आधीच बजावलं होतं की अब्बा, ती टोपी घेऊन आलात तर मांडवाबाहेर बसवीन. चाचांनी टोपीला विचारलं. बराच वेळ विचारलं. मग गळ काढून डबीत ठेवले, टोपी माझ्या हातात दिली.

"आठ रोज ध्यान ठेव तिच्यावर. विचारायचं मात्र काई नाई. तुले जवाब नाई देनार थे."

आता मी काय करायला हवं होतं? टोपी खुंटीला अडकवून गप्प बसायला हवं होतं. पण ज्या टोपीने आपल्याला छप्पर दिलं तिचं आपण काही केलं नाही, ही बोच माझ्या मनात होतीच. चाचा लग्नाहून येतील, टोपी निळी झालेली पाहतील, असं एक चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी बादलीत साबण कालवला आणि टोपी रात्रभर भिजत घातली.

पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं उसाच्या रसासारखं. पाचव्या पाण्याला पट्टे निळे दिसले आणि त्याच वेळी हाताला लागलं की आतल्या कापसाचे गोळे झालेत. एक गोळा कपाळाशी, एक मानेशी, मधे नुसतं कापड. भरलेली वस्तू अशी धूत नाहीत, हे पिंजाऱ्याच्या घरात राहून मला कळलं नव्हतं.

त्यात ऊन नव्हतं. एका सरीच्या भरवशावर सगळ्यांनी पेरून टाकलं होतं आणि नंतर नुसतं आभाळ भरून राहायचं, थेंब पडायचा नाही. बियाणं जमिनीत करपत होतं आणि माझी टोपी दोरीवर वाळत नव्हती. गजाननभाऊ दिवसातून दोनदा वावरात जाऊन माती उकरून बघायचे आणि येताना दोरीकडे बघायचे. टॉवरच्या जनरेटरच्या खोलीत उकाडा असतो, म्हणून शेवटी मी टोपी तिथे नेली. डिझेलचा धूर लागू नये म्हणून खताच्या रिकाम्या थैलीत घातली, तोंड बांधलं आणि कोपऱ्यात ठेवली. रोज थैलीवर हात लावून बघायचो. गरम लागायची. वाळतेय, असं वाटायचं. उघडून बघायचा धीर काही झाला नाही.

चाचा यायच्या दिवशी सकाळी थैली उघडली. टोपी उगवली होती.

टाक्यांच्या मधून, कापड विरलं होतं तिथून, सात कोंब वर आले होते. पांढुरके, मान वाकवलेले. दोघा-तिघांच्या डोक्यावर सरकीचं टरफल अजून तसंच होतं, टोपी घातल्यासारखं. मी थैली परत बांधली. थोड्या वेळाने पुन्हा उघडून बघितली. सातच होते.

मग मी खोलीवर जाऊन माझी पिशवी भरली. जिने राहू दिलं ती टोपीच राहिली नाही, तिथे मी कसा राहणार, असा माझा विचार.

चाचा दुपारच्या बसने आले. गजाननभाऊ दुकानाच्या ओट्यावरच बसलेले होते. त्यांना वावरात दुबार पेरणी करायची होती, पण उठून बियाण्याच्या दुकानापर्यंत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी टोपी परातीत ठेवून आणली आणि म्हणालो, "चाचा, मी धुतली."

गजाननभाऊंनी आधी परातीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"माह्या आठ एकरात नाई निंघालं," ते म्हणाले, "अन् टोपीत निंघालं. चाचा, पेरनी कोन्या नक्षत्रावर केली हो?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी टोपी उचलली, सवयीप्रमाणे उलटी केली, आत पाहिलं. अंगठा त्या नेहमीच्या जागी गेला. तिथे एक कोंब होता. अंगठा बाजूला झाला.

"हे इथंच होती," ते म्हणाले. "बोटाले लागे."

मला काही कळलं नाही. मग ते कोणाकडे न बघता बोलले. "परसातल्या पऱ्हाटीचा कापूस हाय हा. हमिदानं हातानं सरकी काढली होती. मोतीबिंदू झाला होता तिले, दिसे नाई. म्या म्हटलं, दे, पिंजून घेतो. म्हने, काऊन, माह्या हातावर भरोसा नाई? मंग नाई पिंजला. तसाच भरला, ऱ्हायलेल्या सरकीसकट."

हमिदा म्हणजे चाची. चार वर्षांपूर्वी वारल्या. गजाननभाऊंनी डोक्यावरची कंपनीची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढे एकदा बांधावर बसलेलो असताना त्यांनी मला सांगितलं की चाची होत्या तेव्हा चाचा टोपीला कधी काही विचारत नसत. कोणी काही मागितलं की म्हणायचे, थांब, घरात विचारतो.

त्या दुपारी चाचांचं लक्ष दारातल्या माझ्या पिशवीकडे गेलं.

"हे काऊन भरली बे? कुठं चालला?"

मी म्हणालो, "टोपी खराब केली मी. म्हणून."

त्यांचा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर काही नव्हतं. हात तसाच क्षणभर राहिला आणि खाली आला.

"टोपी नाई म्हणते," चाचा म्हणाले. "घमेलं आन."

घमेल्यात काळी माती भरली, थोडं शेणखत कालवलं. चाचांनी कात्रीने टोपीची शिवण उसवली, फार हळू, जखमेवरची पट्टी सोडवावी तशी, आणि कापसाच्या गोळ्यांसकट कोंब मातीत बसवले. वर ओंजळीने पाणी घातलं. गजाननभाऊ म्हणाले, "चाचा, जास्त झालं पानी." चाचा म्हणाले, "तू तुह्यं वावर पाय." तरी पुढच्या ओंजळीत त्यांनी निम्मंच घेतलं. गजाननभाऊ उठले आणि बियाणं आणायला गेले.

सातातले चार तगले. पाऊस पुढे आला. गजाननभाऊंची दुबार पेरणी निघाली, विरळ निघाली, पण निघाली. घमेलं परसात गेलं, मग घमेल्यातून रोपं परसातल्या जमिनीत. दुसरी टोपी शिवा म्हणून मी एक-दोनदा म्हटलं. चाचा म्हणाले, कापूस आल्यावर पाहू. तोवर डोक्याला जुना पंचा गुंडाळून तलावावर जायचे. पंच्यात गळ खोचता येत नाहीत, दोनदा त्यांच्याच कानाला टोचले. मासे पूर्वीइतकेच लागायचे. म्हणजे मासोळीला टोपीची ओळख वगैरे काही नसावी, पण हे मी बोललो नाही.

एक दिवस टॉवरवरून लवकर सुटून मी तलावावर गेलो. उन्हं अजून बांधावरच होती. मोरपीस नुकतंच दोनदा बुडून वर आलं होतं, मासा जवळपासच होता. आणि चाचा काठीची दोरी गुंडाळत होते.

"इतक्यात, चाचा?" मी म्हटलं. "अजून अंधार कुठे पडलाय?"

चाचांनी गांडुळांचा डबा पाण्यात मोकळा केला आणि काठी खांद्यावर टाकली.

"टोपी एकटी हाय घरी," ते म्हणाले.