पोपटकाकांचा कावळा

"मावशी, कावळा पिंडावर झेपावताना असा टिपतो, की पिसं मोजून घ्या!"

पोपटकाकांच्या दहाव्याला सुरतेत तापीकाठी सगळ्या भावकीसमोर वाल्मिकने छाती फुगवली. आठवडाभर पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायचं आणि रविवारी कॅमेरा घेऊन खाडीवर पक्ष्यांमागे धावायचं, हा त्याचा धर्म. उडता पक्षी टिपणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं तो स्वतःच सांगे. प्रत्यक्षात त्याच्याकडे बगळ्यांच्या चार शेपट्या आणि सुरतचं रिकामं आभाळ भरपूर होतं! पण पोपटकाकांची म्हातारी आई गावी अंथरुणाला खिळलेली. लेकाच्या पिंडाला कावळा शिवला, एवढं तरी तिला फोटोत दिसावं, म्हणून काकांच्या बायकोने, रंभामावशीने, हा मान भाच्याला दिला.

पिंड मांडला. मंडळी लांब सरली. वाल्मिक मात्र समोरच्या झुडपात पालथा पडला आणि दुधीभोपळ्याएवढी लेन्स पुढे काढून त्याने नेम धरला.

कडुनिंबावर कावळ्यांची ही गर्दी! एकेक जण मान वाकडी करून लेन्सकडे बघत होता. खाली यायचं नाव नाही.

"दादा, त्या नळकांड्याला भीत असतील रे," काकांची लेक राखी हळूच म्हणाली.

"एकच मिनिट गं!"

त्या एका मिनिटात ऊन डोक्यावर आलं. मंडळींनी पिंडाशेजारी विडी ठेवली, भजी ठेवली. काकांच्या भेस्तानच्या शेजाऱ्याने नळावरचं जुनं भांडण हात जोडून मिटवलं. काकांचे थोरले भाऊ काशिनाथअप्पा पिंडापुढे झाले, "भो, रंभाले आम्ही अंतर देवाव नही!" कावळे ढिम्म!

"दर्भाचा कावळा करून शिववू," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढचा दहावा गाठायचा होता.

"खरा कावळा येईपर्यंत मी उठायची नाही!" मावशीने हंबरडा फोडला. वाल्मिकने लेन्स मागे घ्यायला हात घातला. पण आता कॅमेरा हटवला, तर इतका वेळ कशाला अडवलं, हे कोण सांगणार?

तेवढ्यात अप्पांची नजर राखीवर गेली. पोरीला नुकताच नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

"पोरीमधे जीव अडकेल शे त्याना! भो, ते नर्सिंग-फर्सिंग बंद! राखीनं लगीन यंदाच करी टाकसूत!"

नेमका तेव्हाच वाल्मिकच्या डोळ्यात घाम गेला. डोळे चोळायला त्याने लेन्स गवतात पालथी घातली. झप्! कावळा उतरला, भाताचा घास चोचीत धरला आणि गेला!

मंडळींनी हात जोडले. राखी पांढरीफटक पडली.

वाल्मिक झुडपातून धडपडत बाहेर आला. "अप्पा, थांबा! कावळे माझ्या लेन्सला भीत होते! मी ती खाली घातली म्हणून आला तो! तुमच्या शब्दाशी काही संबंध नाही!"

"फोटो शे का?"

"नाही... पण..."

"मंग गप बठ! मरेल मानूसले खोटं पाडस का?"

"मोठे बाबा, नर्सिंगला बाबांनीच घातलं मला!" राखी ओरडली. "आई, तू तरी सांग ना!"

रंभामावशीने पदर डोळ्यांना लावला. "जिवंतपणी बोलता आलं नसंल गं त्यांना."

वाल्मिकला वाटलं, कॅमेऱ्यासकट तापीत उडी घ्यावी. अप्पांनी त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"नाराज नको होऊ, भाऊ. लगीनना फोटो तूच काढजो. तठे कोनी भुर्रकन उडी जास नही."