निर्विवाद अपार्टमेंटमधला परक्यांचा कायदा

ज्या इमारतीला पाण्याची टाकी एकच असते, तिथं मतही एकच असावं, हे लोकशाहीचं मूलतत्त्व आहे. कोल्हापुरातल्या निर्विवाद अपार्टमेंटनं ते वेळीच ओळखलं, याचं श्रेय तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू संयोगिताला जातं. तिला ते नको होतं, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि भाडेकरू तसं इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहीत होते. (पाणी न चढणं ही तांत्रिक बाब, लिहिणं ही बदनामी.) चेअरमन आकाराम तात्यांनी सभा बोलावली आणि भाडेकरूंनी गप्प राहावं, असा ठराव मांडला. संयोगिता इतिहासात एम.ए. होती. शिवाय चार वर्षांच्या अवनीची आई असल्यामुळं संकट जिना चढायच्या आधीच तिला दिसायचं. ती उभी राहिली.

"तात्या, असले कायदे अमेरिकेनं १७९८ साली केले होते."

त्यापायी सरकारची छी-थू झाली आणि पुढच्या निवडणुकीत ते पडलं, असं ती पुढं सांगणार होती. तात्यांना अमेरिकेपर्यंतचंच ऐकू आलं.

"अमेरिकेनं केलंय? मग इचार करूनच केलं असणार की. सांग पोरी सगळं. त्र्यंबकराव, घ्या लिहून."

त्र्यंबकराव हे व्हाइस चेअरमन, निवृत्त शिक्षक. कायदे किती वाईट होते हे पटावं म्हणून संयोगितानं एकेक कलम परीक्षेच्या पेपरात लिहावं तसं नीट सांगितलं. तिथंच घोळ झाला. परदेशी माणसाला नागरिक व्हायला पाच वर्षं लागायची, ती त्यांनी चौदा केली, असं ती म्हणाली. लगेच ठरलं, की भाडेकरूला सभेत बोलायला चौदा वर्षं राहावं लागेल. (भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. यात विसंगती नाही, शिस्त आहे.) धोकादायक वाटणाऱ्या परक्याला राष्ट्राध्यक्ष कारण न देता हाकलू शकत, हेही चेअरमनच्या नावानं मंजूर झालं.

परका कोण, यावर मात्र खल झाला. संयोगिता गगनबावड्याची, म्हणजे याच जिल्ह्यातली, असा किरकोळ मुद्दा निघाला आणि बसला. शेवटी जो भाड्यानं राहतो, जिल्ह्याबाहेर जन्मला आहे किंवा मिसळीबरोबर ब्रेड सोडून पाव मागतो, तो परका, असं ठरलं.

"सरकारविरुद्ध लिहिणं गुन्हा होता," संयोगिता काकुळतीनं म्हणाली, "पण लिहिलेलं खरं ठरलं तर माणूस सुटायचा."

"ते खोडा. खरं ठरलं तर माझी जास्तच बदनामी की. आन् हसनं बी घाला त्यात."

"आणि उपाध्यक्ष विरोधी पक्षाचे होते, म्हणून त्यांच्याविरुद्ध काहीही लिहिलं तरी गुन्हा नव्हता."

हे कलम तात्यांना सर्वांत आवडलं. त्र्यंबकरावांचं पेन जरा अडखळलं, पण ते शिस्तीचे गृहस्थ होते.

कायद्याचे परिणाम उत्तम झाले. पाण्याच्या तक्रारी पूर्ण थांबल्या. (पाणीही थांबलेलंच होतं, पण आकडेवारी तक्रारींची ठेवतात.) लोक जिन्यात व्हाइस चेअरमन त्र्यंबकरावांना गाठून त्यांनाच मनसोक्त सुनावत, पाण्याबद्दल, पावसाबद्दल, एकजण तर जावयाबद्दलसुद्धा. सगळं कायद्यात बसत होतं.

संयोगिताचा जीव मात्र टांगणीला लागला. अवनीची बालवाडी खालच्याच गल्लीत होती, दुसरं घर मिळत नव्हतं आणि पोरगी खरं बोलायच्या वयात होती. पोरीची वेणी घालता घालता ती तयारी करून घ्यायची.

"तात्या आजोबांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"पाणी आलं."

"आणि आलं नसलं तर?"

"पाणी आलं."

पंधरा ऑगस्टला गच्चीवर झेंडावंदन झालं. तात्या स्वातंत्र्यावर भरभरून बोलले. मग लाडानं अवनीसमोर वाकले.

"काय गं चिमणे, पाणी येतंय न्हवं घरात?"

"येतंय," अवनी खणखणीत आवाजात म्हणाली. संयोगितानं श्वास सोडला. "आईनं असंच सांगायला सांगितलंय."

आता घर जाणार, बालवाडी जाणार, असं संयोगिताच्या डोळ्यांपुढं आलं. तेवढ्यात मागून कुणीतरी फस्सकन हसलं. हसणं गुन्हा असल्यानं सगळ्यांनी वळून पाहिलं. तात्यांची पत्नी तानाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. "वहिनींचा जन्म निपाणीचा. म्हणजे जिल्ह्याबाहेरचा. कलमाप्रमाणे परक्या. आणि हसल्या."

"घाला की भाईर," तानाबाई म्हणाली. "सांच्याला भाकरी कोन थापतंय बघू."

संयोगिताचा आणि वहिनींचा, दोन्ही खटले एकदमच चालवावे लागतील, असं त्र्यंबकरावांनी सुचवलं. तेव्हा तात्यांनी दोन्ही तहकूब केले आणि संयोगिताचं घर राहिलं. तात्यांची मुदत संपली तसा कायदाही संपला. (मूळ अमेरिकन कायद्यालाही राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीचीच तारीख होती, म्हणजे पुढच्याला तो वापरता येऊ नये.)

पुढं संयोगितानं नवऱ्याबरोबर त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथं पाणी येतं. मालक म्हणून ती पहिल्यांदा सभेला बसली, तेव्हा तिच्या जुन्या घरातली नवी भाडेकरू कडेवर बाळ घेऊन उभी राहिली आणि वर पाणी चढत नाही म्हणाली. संयोगिताच्या मनात आलं, ही सांगलीची, आत्ता तर आलीये, आणि लगेच बोलायला लागली? मग ते जाणवून ती चपापली. त्या भाडेकरूच्या बाजूनं बोलावं म्हणून उठली, तर बाईचं नावच आठवेना.

तुम्ही असे नाही, याची खात्री आहे. संयोगिताला तुम्ही आत्ता हसलात, यावरूनच ते कळतं. तेव्हा फक्त एवढंच सांगा, तुमच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं नाव काय?

सावकाश आठवा. चौदा वर्षं आहेत.