दिवा गेला की दार उघडायचं

डॉक्टरांनी स्वतः आखलेला बोर्ड कारखान्यातून घरी आला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद डॉक्टरांना झाला. खरे तर दुसऱ्या कोणाला तो झालाच नाही.

डॉक्टर दातांचे होते. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून झाले की संध्याकाळी त्यांना तोंड नसलेल्या वस्तूंची ओढ लागे. म्हणून ते एका पत्त्याएवढ्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाशी खेळत बसत. हौशी मंडळींसाठी बनवलेला हा बोर्ड. त्याला तारा जोडायच्या, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, की तो सांगितलेले मुकाट्याने करतो. मनात असलेले करत नाही, सांगितलेलेच करतो. या फरकापायी डॉक्टरांनी आजवर एक टेबलफॅन आणि माशांच्या टाकीतला हीटर गमावला होता. मासे बायकोने वेळेवर बादलीत काढले म्हणून वाचले.

या वेळी मात्र काम गंभीर होते. आईला ऐकू कमी येऊ लागले होते. कानातले यंत्र तिने ‘डोक्यात कोणीतरी कागद चुरगाळतंय’ अशी तक्रार करून ड्रॉवरमध्ये टाकून दिले होते. दुपारी डॉक्टर दवाखान्यात, बायको ऑफिसात, घरी आई एकटी. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांना सगळी इमारत सिस्टर म्हणे. त्या रोज दुपारी आईशी पत्ते खेळायला येत. एका दुपारी त्यांनी बेल वाजवली, वाजवतच राहिल्या, पण दार काही उघडले नाही. आतून आईच्या खोकण्याचा आवाज मात्र येत होता. सिस्टरांनी त्याचा लावायचा तो अर्थ लावला, आणि त्या दिवसापासून जिन्यात समोरासमोर आल्या तरी भिंतीकडे बघून जाऊ लागल्या. मग आईनेही समोरच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. दुपारभर ती एकटीच पत्ते मांडून बसे. विचारले तर म्हणे, "एकटीने खेळायला बरं. कोणी लबाडी करत नाही."

ते बघून डॉक्टरांनी जेवताना जाहीर केले, "बेल वाजली की आईच्या खुर्चीजवळचा दिवा लागेल, असं यंत्र मी बनवतो."

"तसली बेल दुकानात तयार मिळते," बायको म्हणाली.

"तयार? तयार कवळी कोणी आणतं का? कवळी ज्याच्या-त्याच्या मापाची लागते."

"कवळी बनवायला तू शिकलायस," बायको म्हणाली आणि तिने पोळी वाढली.

बोर्डाला थेट घरातला दिवा जोडता येत नाही. त्यासाठी त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा दुसरा बोर्ड लागतो. त्यावर रिले, म्हणजे बोर्डाच्या बारीकशा इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा खटका. असा टोपीबोर्ड डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर आखायला घेतला. रात्रीचे जेवण, टीव्ही, शेजाऱ्यांशी बोलणे, सगळे सुटले. एकदा तर एका पेशंटच्या अक्कलदाढेला ते "ही पिन जरा वाकडी आहे" असे म्हणाले.

बायको आर्किटेक्ट होती. आराखडे आणि त्यांच्यामुळे होणारे घोटाळे तिला चांगले ठाऊक होते. "कारखान्यात पाठवायच्या आधी कागदावर मूळ मापात छाप," ती म्हणाली, "आणि खरा बोर्ड त्यावर ठेवून बघ. सगळ्या पिना भोकांवर आल्या तरच पाठव."

डॉक्टरांनी तिच्याच टेबलावरचा ट्रेसिंग पेपर घेतला, त्यावर आराखडा छापला आणि बोर्ड ठेवला. पिन न् पिन भोकावर आली. त्यांनी बायकोला बोलावून दाखवले, आईला दाखवले आणि आराखडा रवाना केला. कारखाना एखादा नग बनवून देत नाही, गठ्ठाच देतो. त्यामुळे पार्सल आले ते चांगले जाडजूड होते.

डॉक्टरांनी मोठ्या ऐटीत रिले, स्क्रू आणि पिना जोडल्या आणि टोपी बोर्डाच्या डोक्यावर बसवायला घेतली. ती बसेना. मूळ बोर्डाला एका बाजूला पिनांची लांब रांग होती, दुसऱ्या बाजूला आखूड. टोपीची लांब रांग नेमकी आखूड रांगेसमोर येत होती. डॉक्टरांनी ती फिरवली. मग रांगा बरोबर आल्या, पण पुढची पिन मागे गेली. पुन्हा फिरवली. जोर लावून पाहिला. दाढ काढताना हलवतात तशी थोडी हलवून पाहिली.

शेवटी बायकोने तो ट्रेसिंग पेपर शोधून आणला आणि दिव्यासमोर धरला. "बोर्ड ठेवलास तेव्हा हा कागद कुठली बाजू वर करून ठेवला होतास?"

"कागदाला बाजू कुठली? दोन्हीकडून सारखाच दिसतो की."

"म्हणून तर त्याला ट्रेसिंग पेपर म्हणतात."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. छापील बाजू खाली ठेवून त्यांनी मोजमाप तपासले होते. म्हणजे आख्खा बोर्ड आरशातल्यासारखा उलटा आखला गेला होता, आणि तो उलटा असल्याची खात्रीही त्यांनी नीट करून घेतली होती.

"तुझं तरी काय चुकलं?" बायको हसू दाबत म्हणाली. "दिवसभर तोंडात आरसा धरून काम करतोस. तुला हेच सरळ दिसणार."

पण डॉक्टर हार मानणाऱ्यांतले नव्हते. मानली असती तर पुढचे बरेच टळले असते. टोपी पालथी घातली तर पिना जुळत होत्या. रिलेचे तोंड तेवढे खाली जात होते. त्यांनी उंच पायांच्या पिना आणल्या आणि टोपी पालथी बसवली. ते सगळे मिळून उलट्या टांगलेल्या खाटेसारखे दिसू लागले.

आता तारा जोडायच्या होत्या. रिलेला तीन स्क्रू असतात. मधल्याला एक तार नेहमीच जोडायची. बाजूच्या एका स्क्रूला तार लावली तर इशारा मिळताच दिवा लागतो, दुसऱ्याला लावली तर इशारा मिळताच दिवा जातो. स्क्रू खालच्या बाजूला गेल्यामुळे दिसत नव्हते. म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा आणला. आरशातले डावे-उजवे त्यांनी सवयीने मनातल्या मनात पलटले. बोर्ड पालथा आहे म्हणून पुन्हा पलटले. मग नक्की किती वेळा पलटले ते आठवेना, म्हणून खात्रीसाठी आणखी एकदा पलटले.

सकाळी दवाखान्यात निघण्यापूर्वी त्यांनी यंत्र चालू केले. कोणी बेल वाजवली नव्हती, तरी आईच्या खुर्चीजवळचा दिवा भक्कन लागला. बायकोने दाराबाहेर जाऊन बेल दाबली. दिवा गेला. थोड्या वेळाने परत लागला.

"उलटं झालंय," आई म्हणाली.

"एका ओळीचं काम आहे," डॉक्टर म्हणाले. "तारांना हातसुद्धा लावायला नको. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली की झालं." इतक्यात दवाखान्यातून फोन आला. कोणाची तरी दाढ रात्रभर ठणकत होती. डॉक्टरांनी बूट घालता घालता आईच्या कानाशी मोठ्याने सांगितले, "आजच्या दिवस लक्षात ठेव. दिवा गेला, की दाराशी कोणीतरी आहे. संध्याकाळी सरळ करतो."

आई दिव्याखाली पेपर वाचत बसली. दुपार झाली आणि दिवा गेला. आईने चष्मा काढला, पदर सारखा केला आणि दार उघडले. बाहेर कोणी नव्हते. तिने आत बघितले. दिवा अजून गेलेलाच होता. म्हणजे आलेले माणूस अजून होते. ती जिन्यापर्यंत गेली, खाली वाकून पाहिले, तरी कोणी नाही. इकडे वाऱ्याने दार आपटले आणि लॅच लागले.

आईला एकदम उलगडा झाला. बेल वाजवून पळून जाणारे माणूस कोण असणार, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. ती तरातरा खाली गेली आणि सिस्टरांच्या दारावर थाप मारली.

"बेल वाजवून पळून जायचं वय आहे का तुमचं?"

सिस्टर उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "मी? अहो, मी तुमच्या दाराकडे बघतसुद्धा नाही. मागे किती वाजवली, तेव्हा कोणी उघडलंय?"

"मला ऐकू नाही आलं!"

"मग आज बरं ऐकू आलं?"

"आजही नाही आलं! आज दिवा गेला!"

"दिवा तर माझाही गेलाय. सगळ्या इमारतीतली वीज गेलीय, बाई!"

आईने सिस्टरांच्या घरातल्या बंद पंख्याकडे पाहिले. मग तिने आपला दिवा, मुलाने उलटा बनवलेला बोर्ड, आरसा, सगळे सांगितले. मागच्या वेळी बेल ऐकू न आल्याचेही सांगितले. ते तिने आजवर कोणाला धडपणे सांगितले नव्हते. सिस्टर ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "खोकला ऐकून मला वाटलं, मुद्दाम."

"मुद्दाम खोकायला मी काय नाटकात आहे?"

सिस्टरांनी दार पूर्ण उघडले. "या आत. पत्ते आहेत माझ्याकडे."

इकडे बायकोने नेहमीप्रमाणे दुपारी ठरल्या वेळी घरी फोन केला. त्या वेळी आई फोनवर हात ठेवून बसलेली असे, तो थरथरला की उचले. उत्तर नाही. पुन्हा केला. उत्तर नाही. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर एका गृहस्थांच्या दातात खोलवर होते. आई फोन उचलत नाही, एवढे ऐकताच त्यांच्या डोळ्यांसमोर पालथा रिले, उघडे स्क्रू आणि दिव्याशेजारची आईची खुर्ची उभी राहिली. "तोंड असंच उघडं ठेवा, दोन मिनिटांत आलो," असे त्या गृहस्थांना सांगून ते मास्क आणि हातमोज्यांसकट रस्त्यावर धावत सुटले. लोक बाजूला होत होते. कोणाला वाटले ऑपरेशनमधून पेशंट पळालाय, कोणाला वाटले डॉक्टर पळालाय.

घराशी येऊन त्यांनी बेल दाबली. मग दारावर मुठी आपटल्या. किल्ली दवाखान्यातल्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. दाराला कान लावून ते उभे राहिले, पण आत काहीच हालचाल ऐकू येईना. तयार बेल आणली असती तर, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता. तेवढ्यात बायको धापा टाकत जिना चढून आली आणि तिने पर्समधून किल्ली काढली.

घर रिकामे होते. वीज आलेली होती. खुर्चीत उघडा पेपर होता आणि त्यावर दिव्याचा झगझगीत उजेड पडला होता. डॉक्टरांनी स्वयंपाकघर, गॅलरी, बाथरूम सगळे पाहिले. पलंगाखालीसुद्धा पाहिले.

"आई!" ते जिन्यात येऊन ओरडले.

खालून सिस्टरांचा आवाज आला. "ओरडू नका हो, त्यांना ऐकू येत नाही! आणि त्या जिंकतायत, हलणार नाहीत!"

डॉक्टर धडधड खाली गेले. आई पत्त्यांचा पंखा छातीशी धरून बसली होती. तिने मुलाकडे, त्याच्या मास्ककडे, हातमोज्यांकडे पाहिले. "काय रे, कोणाला काही झालंय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले आणि तिथल्याच स्टुलावर बसले. बऱ्याच वेळाने त्यांना दवाखान्यात तोंड उघडे ठेवून बसलेल्या गृहस्थांची आठवण झाली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी ती ओळ बदलली. बेल वाजली, दिवा लागला. थांबली, विझला. सगळे कसे सरळ झाले. डॉक्टर समाधानाने झोपले.

दुसऱ्या दुपारी सिस्टर वर आल्या, बेल वाजवली, वाजवत राहिल्या, आणि शेवटी खाली जाऊन त्यांनी डॉक्टरांनाच दवाखान्यात फोन केला. "तुमचं यंत्र चालू आहे ना? जिन्यातल्या अंधारात मला दाराच्या फटीतून दिवा लागलेला दिसला, पण तुमच्या आई काही उठल्या नाहीत."

रात्री डॉक्टरांनी आईला विचारले, "दिवा लागला होता म्हणे. दिसला नाही?"

"दिवसाढवळ्या दिवा लागलेला कोणाला दिसतो?" आई म्हणाली. "काल बरं होतं. वाचता वाचता पेपरवर अंधार झाला की कळायचं, उठायला हवं. आणि वीज गेली तरी मी उठायचेच. मग कोणी नसलं तर खाली सिस्टरांकडे. तुझं हे आत्ताचं काही कामाचं नाही. परत बिघडव."

 डॉक्टरांनी कॉम्प्युटर उघडला, ती ओळ पहिल्यासारखी केली आणि पुढे कधी आपणच ती शहाणपणाने दुरुस्त करू नये म्हणून तिच्याशेजारी सूचना लिहिली, ‘दिवा मुद्दाम उलटा ठेवला आहे.’

बायको मागे उभी राहून वाचत होती. "मुद्दाम?"

डॉक्टरांनी तो शब्द खोडला. वाक्य वाचून पाहिले. मग आईच्या खोलीकडे एकदा बघून पुन्हा लिहिला.