दोरातली दौड

"लाख माणूस पाण्यापर्यंत नेऊन सुखरूप घरी आणलाय आम्ही," आमच्या गणेशोत्सव मंडळाचा धनेश म्हणाला. "तीनशे माणसं तलावाभोवती पळवायची, ह्यात काय आहे? झोपेत करू!"

हे तो टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये, एसीच्या झोतात, सुनेत्रा मॅडमसमोर बोलला.

शीव कोळीवाड्याच्या अलीकडे आमचा तलाव आहे. त्याच्याभोवती दर वर्षी मदतीची दौड होते. जमलेला पैसा वस्तीतल्या दवाखान्याला जातो. धावतात बहुतेक टॉवरवाले. चाळवाले वर्षभर धावतच असतात, त्यासाठी त्यांना छातीवर नंबर लावून घ्यावा लागत नाही. स्वयंसेवक मात्र चाळीतले, गणेशोत्सव मंडळाची पोरं. फुकट राबायला कोण हवं म्हटलं की ह्या शहराला आमचे पत्ते तोंडपाठ असतात.

सुनेत्रा मॅडम दौडीच्या समितीच्या प्रमुख. बाई वाईट नव्हती. शिस्त नावाची वस्तू फक्त लिफ्टने वर येते, एवढाच तिचा समज होता.

"धनेशजी, मागच्या वर्षी लोक भलत्याच गल्लीत शिरले. एक गृहस्थ भायखळ्याच्या भाजी मार्केटात सापडले. ह्या वर्षी गोंधळ झाला, तर पुढची दौड इव्हेंट कंपनीकडे. त्यांचा माणूस बघायला येणारच आहे."

धनेशच्या कानशिलावरची शीर उडाली. तलाव आमचा, रस्ता आमचा, घाम आमचा, आणि शिट्टी कंपनी फुंकणार?

"मॅडम," तो म्हणाला, "एक माणूस जरी बाहेर गेला ना, तर मंडळाचं नाव लावणार नाही!"

हा शब्द त्याने पाळला, हे आधीच सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी तीनशे माणसं सुरुवातीच्या रेषेवर उड्या मारत उभी राहिली. त्यांत धनेशची लेक दर्शनाही होती. पोरगी वर्षभर फाइव्ह गार्डनला धावत होती आणि पहिली यायचं असं ठरवूनच आली होती. गर्दी आधीच पळत सुटू नये म्हणून धनेशने मंडळाचा दोर आणला होता. मनगटाएवढा जाड, विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीभोवती धरतात तो. दोरावर तीस पोरं आणि त्यांचा म्होरक्या संघर्ष. बेत साधा होता. अण्णा नारळ फोडतील, झेंडा दाखवतील, बाजूला होतील. पोरं दोर उचलतील. लोक पळतील.

अण्णा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. गिरणीतून निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, अंगात कांजीचा सदरा, पायात वहाणा. सगळं ठरल्याप्रमाणे करूनच धनेश शेवटच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. तिथे मॅडम होत्या, आणि कंपनीचा तो माणूस. गळ्यात पट्टा, डोळ्यांवर गॉगल, तोंडात च्युइंगगम.

अण्णांनी नारळ फोडला. झेंडा दाखवला. पण बाजूला झाले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली होती: नारळ फोडायचा आणि मिरवणुकीच्या पुढे चालू लागायचं. ते चालू लागले.

आणि मंडळाचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण घटनेपेक्षा पक्का. अण्णांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही! त्यांची पाठ हलली तशी तीस पोरांची डोकी बंद झाली आणि पाय चालू झाले. दोर उचलला गेला नाही, तो ताणला गेला. दोन्ही बाजूंनी पसरून त्याने तीनशे धावपटूंना पोटात घेतलं.

बराच वेळ झाला तरी वळणावर कुणी दिसेना. धनेशने संघर्षला फोन लावला.

"काय रे, निघाले का?"

"कधीच! दादा, एक माणूस बाहेर नाय. मुंगी नाय जाणार!"

"शाब्बास! स्पीड काय आहे?"

"अण्णांचा."

मॅडम ऐकत होत्या म्हणून धनेश हसला. "अण्णांचा म्हणजे?"

"अण्णा पुढे हायत ना दादा. मधी दोनदा गुडघा धरला त्यांचा, तवा थांबलो. आता सुभद्रामावशी ओवाळतेय."

सुभद्रामावशी तलावाच्या कोपऱ्यावर म्हावरं विकते. तिने अण्णा पाहिले, दोर पाहिला, मागे गर्दी पाहिली. गणपती ह्या वर्षी लवकर आला असेल, सरकारचा काय भरवसा, असं म्हणून तिने माशांची पाटी बाजूला सारली, हात धुतले आणि शेजारच्या दुकानातून ताट मागून आणलं. अण्णांना कुंकू लावलं. आता ओवाळणी चालू असताना मिरवणूक हलते का? तीनशे माणसं जागच्या जागी पळत राहिली.

"दोर सोड ना, गाढवा!" धनेश फोनमध्ये ओरडला.

"अण्णांच्या पुढे सोडू?" संघर्षचा आवाज एकदम बारीक झाला. "दादा, तूच ये नि सोड. मला चाळीत राहायचंय."

धनेश उलट्या बाजूने पळत सुटला. त्या दिवशी त्या तलावाकाठी खऱ्या अर्थाने धावलेला तो पहिला माणूस.

घाटाच्या पायऱ्यांपाशी त्याला वरात भेटली. पुढे अण्णा, संथ, कपाळभर कुंकू. मागे दोर. दोराच्या आत महागडे बूट एकमेकांवर पाय देत चालले होते. एक टॉवरवाले काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही, नाही, धावतोयच मी."

"पप्पा!" दर्शना आतून किंचाळली. "मी मघापासून चपलांच्या मागे चालतेय! ह्यांना बाजूला करा!"

"करतो गं."

"आत्ता करा!"

धनेश अण्णांसमोर आला. लाख माणूस सांभाळणारा गडी. आधी वाकून पाया पडला. ह्याच अण्णांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून विसर्जन दाखवलं होतं.

"अण्णा, ते… लोकांना जरा पुढे…"

"खंय जातंत पुढे?" अण्णा म्हणाले. "आपण पोचतलोच मां? घाई कसली? दम लागता काय तुका? घाम बघ किती इलो!"

मागून दर्शनाने अशी काही हाक मारली, की धनेशने डोळे मिटले आणि अण्णांना जे सांगायची छाती नव्हती ते पोरांना सांगितलं.

"दोर सोडा!"

आता सांगा, त्याचं काय चुकलं? शब्द बरोबर होते. जागा चुकली. घाटाच्या ह्याच पायऱ्यांवर, ह्याच आवाजात, हे दोन शब्द पोरं दर वर्षी ऐकतात, आणि त्यांचा अर्थ एकच. पोचलो! संघर्षने दोर टाकला, दोन्ही हात वर केले आणि छाती फाटेस्तोवर ओरडला, "गणपती बाप्पा…"

"मोरया!" तीस पोरं पायऱ्या उतरून सरळ पाण्यात शिरली.

आणि धावपटू? मॅडमनीच सगळ्यांना मेसेज पाठवला होता, 'रस्ता चुकू नये म्हणून स्वयंसेवक जातील तिकडेच जावे.' टॉवरवाले लेखी सूचना मोडत नाहीत. गेले! पाणी गुडघ्याएवढं होतं आणि खाली चिखलही तेवढाच. वेळ मोजायला बुटांना बांधलेल्या चकत्या पहिल्या मिनिटालाच मेल्या. काका फोन उंच धरून उभे राहिले. अण्णा तेवढे कोरडे, वरच्या पायरीवर हात जोडून. मूर्ती दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण ते बोलले नाहीत. मोठा माणूस.

धावपटूंत एकटी दर्शना पाण्यात गेली नाही. मोकळा रस्ता दिसताच ती सुटली आणि वाऱ्यासारखी शेवटच्या रेषेवर पोचली. तिथे कुणीच नव्हतं. फीत धरणारेसुद्धा ती खांबाला बांधून पाण्यातली गंमत बघायला गेले होते. दर्शनाने फीत स्वतः सोडली, घडी घातली आणि घरी निघून गेली. त्यानंतर आठवडाभर ती बापाशी बोलली नाही.

सुनेत्रा मॅडम घाटावर आल्या. मागून कंपनीचा माणूस. धनेश मान खाली घालून उभा होता, लोकांना बाहेर काढता काढता भिजलेल्या पॅन्टमधून पाणी गळत होतं.

"धनेशजी, पुढच्या वर्षी कंपनी."

"हो मॅडम."

"एक अडचण आहे." मॅडमनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. "हे म्हणतात, दोर सुटेपर्यंत तीनशेतला एकही माणूस रांगेबाहेर गेला नाही, असं त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. तुमची मुलं मिळाली, तरच कंपनी काम घेईल. आणि मदतीचं काम आहे, तेव्हा मोबदला वगैरे…"

धनेशने मान वर केली. वीस वर्षं फुकट राबल्याचा राग त्याच्या डोळ्यांत आला. हीच वेळ होती. मंडळाची इज्जत, चाळीची इज्जत, सगळी ह्या एका उत्तरावर होती.

"मॅडम, आम्ही काय वाटेवर पडलोय?" तो गरजला. "फुकट? आमच्याच तलावावर, दुसऱ्याच्या शिट्टीवर, फुकट?"

मॅडम दचकल्या. कंपनीच्या माणसाने च्युइंगगम चघळणं थांबवलं.

"प्रत्येकाला एक केळं देऊ," कंपनीचा माणूस म्हणाला.

"दोन!" धनेशने ठणकावून सांगितलं.

मिळाली. मंडळाने वाकून काम घेतलं, असं पुढे कुणी म्हणू शकलं नाही.