पुढच्या माणसाच्या सपाता

निमगावकर काकांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळत नसे, आधी संडास दाखवला जाई. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातली बाकीची मराठी मंडळी नवा टीव्ही दाखवत, घरामागचं लाकडी डेक दाखवत, मुलांची सर्टिफिकेटं दाखवत. काका पाहुण्याला बोळाच्या टोकाला नेत, दार उघडत आणि फरशीवरच्या दोन लाल रबरी सपातांकडे बोट दाखवून विचारत, "काय दिसतं?"

"सपाता," पाहुणा बिचकत म्हणे.

"तोंड कुठे आहे त्यांचं?"

"आत... म्हणजे कमोडकडे."

"का?"

पाहुणा पुन्हा सपातांकडे बघे. मग काका एक बोट वर करून सांगत, "पुढच्या माणसासाठी!"

त्या सपाता त्यांनी जपानहून आणलेल्या. दोन्हींवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत 'टॉयलेट' असं ठळक छापलेलं. नियम असा, की आत शिरताना त्या घालायच्या आणि निघताना देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून बाहेर यावं तसं उलट्या पावलांनी यायचं. म्हणजे त्यांची तोंडं आतच राहतात आणि पुढचा माणूस सरळ पाय घालतो. त्या घालून घरात एक पाऊलही टाकायचं नाही. "आमच्याकडे चपला देवळाबाहेर काढतात," जोशीकाकू म्हणायच्या, "यांच्याकडे संडासाबाहेर." गणपतीला त्यांच्या घरी चाळीस माणसं जमली आणि सपातांचा जोड एकच. आरतीपेक्षा ती रांग लांब होती.

मी काकांच्या घरी राहायला गेलो तो ऐंशीच्या दशकाचा मध्य. नाशिकहून शिकायला आलेला, पहिली नोकरी लागलेला. काका त्याच मोटार कंपनीत क्वालिटी खात्यात होते. काकूंना जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी मंजू अ‍ॅन आर्बरला कॉलेजात. एकमजली घर, एकच बाथरूम आणि आम्ही दोघं. त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा पुढचा माणूस म्हणजे मीच असायचो. इतका मान मला आयुष्यात पुन्हा कुठे मिळाला नाही.

आता हे जपान प्रकरण काय ते सांगतो. जपानी गाड्यांची दारं बोटाने ढकलली तरी लागतात आणि आपली आपटावी का लागतात, हे बघायला कंपनीने काकांना तीन महिने तिकडे धाडलं होतं. जपानी गाड्यांनी आमचा धंदा ओढलेला तो काळ असा, की आमच्या कंपनीच्या आवारात कोणी जपानी गाडी आणली तर तिला पार टोकाला, कचऱ्याच्या पेट्यांशेजारी जागा. अशा दिवसांत काका तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहिले.

पहिले आठ दिवस ते तिथल्या संडासात उलटे बसले. "अरे विनू, आपल्यासारखाच उकिडवा! मला भरूनच आलं," ते सांगत. "म्हटलं, आलो बाबा माणसांत. पण तिथे तोंड भिंतीकडे करून बसतात. मी आपला आपल्या सवयीने दाराकडे तोंड करून. मला वाटायचं, भांड्याला ही चिनी मातीची टोपी पाठीशी कशाला बांधली असेल?"

पुढे कधीतरी एका बड्या हॉटेलात त्यांना बटण दाबलं की पाणी उडवणारी नवी बैठकही दाखवली गेली. कंपनीतून बरोबर गेलेले दोघं अमेरिकन इंजिनियर भिजून, किंचाळून बाहेर आले. काकांवर काही परिणाम झाला नाही. "तांब्याला वीज कशाला लागते?" एवढंच ते म्हणाले.

पण खरा घोळ झाला तो अंघोळीचा. पाहुणे म्हणून आजीबाईंनी त्यांना पहिलं पाठवलं. लाकडी टबात गळ्याइतकं कढत पाणी. काका तासभर बसले, सुखावले, आणि बाहेर पडताना त्यांच्यातला मराठी माणूस जागा झाला. आपण बसलो ते पाणी उष्टं. दुसऱ्याच्या घरी उष्टं ठेवून कसं जायचं? त्यांनी बूच उपटलं, पाणी सोडून दिलं, वर टब घासून लख्ख केला आणि मोठ्या अभिमानाने दार उघडलं. बाहेर आजीबाई, आजोबा, मुलगा, सून असे चौघं खांद्यावर पंचे टाकून ओळीने उभे. तिथे टबाबाहेर अंग धुऊन मगच टबात बसतात, आणि तेच पाणी सगळ्यांना पुरवायचं असतं.

"कोणी एक अक्षर बोललं नाही," काका सांगत. "आजीबाई रिकाम्या टबाकडे बघून हसल्या आणि मला चहा दिला. चौघं तसेच झोपले रे! मी जन्मभर माझ्या मागे कोण उभं आहे ते बघितलंच नव्हतं."

निघताना आजीबाईंनी त्यांना त्या लाल सपाता भेट दिल्या. त्यात काही टोमणा होता का, हे मला अजून कळलेलं नाही.

परत आल्यावर काकांनी बारा पानी रिपोर्ट दिला. त्यात दारांबद्दल दीड पान आणि बाकी सगळं संडास. त्यांचा बॉस रॉन चष्मा काढून म्हणाला, "निम, व्हेअर आर द डोअर्स?" काका म्हणाले, जो माणूस पुढच्यासाठी सपाता वळवतो तोच पुढच्यासाठी दार नीट बसवतो. मग त्यांनी पदरमोड करून ऑफिसच्या रेस्टरूममध्ये सहा जोड ठेवले. सगळे आठ नंबरचे. तेरा नंबरचे अमेरिकन पाय त्यांत शिरेनात. संध्याकाळी सफाईवाल्याने कोणीतरी विसरलं असेल म्हणून सहाही जोड उचलून नेले.

तरी काका हटले नाहीत. लिफ्टमधून उतरताना ते पुढच्या माणसासाठी तळमजल्याचं बटण दाबत. आत अजून चार माणसं वर जायची आहेत हे त्यांच्या लक्षात राहत नसे.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पण या सपातांपायी मंजू घरी येईनाशी झाली होती, आणि त्यावर कोणी हसत नसे.

झालं होतं असं. मी राहायला येण्याआधीच्या वसंतात ती रूममेट डेबीला घेऊन आली होती. डेबी बाथरूममधून निघाली ती सपातांसकट, गालिच्यावरून चालत थेट देवघराशी गेली आणि "ओ, हाऊ क्यूट!" म्हणत गणपतीसमोर वाकली. काका ताडकन उठले. तिला जागच्या जागी सपाता काढायला लावल्या आणि गालिचा धुवायचं मशीन आणून तिच्या देखत पाऊल न् पाऊल शाम्पूने घासलं. ती पोर रडायला लागली.

"बाबा, शी इज माय फ्रेंड!" मंजू ओरडली. "डिफेक्टिव्ह पार्ट नाहीये ती!"

त्याच दुपारी दोघी निघून गेल्या. अ‍ॅन आर्बर अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर, पण दीड वर्षात ती आली नाही. रविवारी फोन यायचा. इकडची हवा, तिकडची हवा, ओके बाबा, बाय. फोन ठेवल्यावर काका उगाच बाथरूमपर्यंत जात, सपाता सरळच असत, तरी वाकून पुन्हा सरळ करत. मला फार वाईट वाटायचं आणि त्यांचा रागही यायचा.

एका नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, मात्र ती फोनवर म्हणाली, "येते. जेवायला. एकटीच." काकांनी आठवडाभर आधीपासून आंबट क्रीम फडक्यात टांगून श्रीखंडाची तयारी चालवली. मी धीर करून म्हटलं, "काका, एक दिवस त्या सपाता उचलून ठेवू या का?"

"मग ती काय घालेल?" ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मंजू आली. दारात बूट काढले, मोजे ओले म्हणून तेही काढले. काकांनी विचारलं, "ट्रॅफिक?" ती म्हणाली, "नॉट बॅड." मग ती हात धुऊन येते म्हणून गेली, आली आणि खुर्चीवर बसली. पायावर पाय टाकला. वरच्या पायात लाल सपात लोंबकळत होती. सोनेरी 'टॉयलेट' बरोबर गणपतीच्या नजरेसमोर झुलत होतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ते पाहिलं होतं. कपाळावरची शीर उडायला लागलेली. मी खाकरलो, तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली काकांनी माझ्या पायावर पाय दाबला, आणि चांगला जोरात दाबला.

"मंजू," ते म्हणाले, "श्रीखंड वाढू?"

ती दोन तास बसली. सपातांसकट स्वयंपाकघरात गेली, पुऱ्या आणल्या, काकूंच्या फोटोसमोर उभी राहिली, गालिच्यावर मांडी घालून परीक्षेचं सांगितलं, डेबीच्या लग्नाचं सांगितलं. "डेबीला सॉरी म्हणालो म्हणून सांग," काका म्हणाले. मंजूने ताटातलं श्रीखंड बोटाने चाटून पुसून खाल्लं, लहानपणी खायची तसं असणार.

निघताना बूट घालायला ती वाकली आणि किंचाळली. "ओ माय गॉड! बाबा! मी हे पूर्ण वेळ घातलं होतं? तू काही बोलला का नाही?"

"अगं, तू जेवत होतीस ना," काका म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग हसली, मग त्यांच्या गळ्यात पडली. "ख्रिसमसला येते," म्हणाली आणि पडायला लागलेल्या बर्फातून गाडीकडे पळाली.

दारात सपाता पडल्या होत्या, एक उपडी, एक आडवी. मी मशीन आणायला वळलो.

"राहू दे रे गालिचा," काका म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून वाकले, दोन्ही सपाता जवळ घेतल्या आणि तिथेच, पुढच्या दाराशी, घराकडे तोंड करून नीट ठेवल्या.

"काका, जागेवर नेऊन ठेवतो ना."

"नको. इथेच असू देत."

ख्रिसमसपर्यंत महिनाभर त्या दारातच होत्या. मिशिगनची ती थंडी, बाथरूमची ती बर्फासारखी फरशी. काका आणि मी रोज सकाळी अनवाणी, टाचा उचलून संडासात जात होतो.